गुण कुणाच्या औषधाचा?

तळेगाव ढमढेरे
(तारीख घालत नाही, कारण हे पत्र एका बैठकीत पुरं होईलसं वाटत नाही.)

आदरणीय शंकरराव दाजी आणि आमची अक्का, दोघांनाही महेंद्रचा मानाचा जय भीम.

पहिली गोष्ट म्हणजे मला लकवा मारलेला नाही. हे सगळ्यात वर लिहितोय, कारण पत्राच्या दोन ओळी ऐकल्या की अक्का रडायला लागते आणि पुढचं तिच्या कानात शिरत नाही. तर अक्के, तोंड सरळ आहे, दोन्ही हात चालू आहेत (एकानं लिहितोय, एकानं माशा हाकतोय) आणि काल दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. कासुर्डीच्या हौशीरामभाऊंनी तुम्हाला फोन करून जे सांगितलं, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं हे कबूल. पण त्यांनी बघितला तो लकवा नव्हता, अक्कलकारा होता. ते ओघानं येईलच. दाजी, तुमचा गुडघा काय म्हणतो? निरगुडीच्या पाल्याचा शेक सोडू नका. बाकी इकडं सगळं ठीक, माझा घसा तेवढा सोडून.

फोन का नाही केला म्हणाल, तर डॉक्टरनं बोलायचं बंद केलंय. तुमचा फोन बटणाचा, त्यामुळं मेसेजचाही उपयोग नाही. गौतमीच्या आईला फोन करायला सांगितलं असतं, पण ती माझं सांगता सांगता स्वतःचं सांगायला लागते, आणि शेवटी माझं राहूनच जातं. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. ते आणि तिकीट आणायला गेलो, तर पोस्टातला माणूस पाकिटाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता. मी बोलत नाही हे बघून त्यानं मोठ्या आवाजात आणि हातवारे करून सांगितलं, की तिकीट वर चिकटवायचं. दाजी, माणूस मुका झाला की लोक त्याला बहिराही समजतात, हा नवा अनुभव.

तुम्ही आयुष्यभर गाडीचे गार्ड. हिरवा झेंडा दाखवला, शिट्टी फुंकली, की अख्खी गाडी हलायची. तुम्हाला घशाची किंमत कळायची नाही. माझं तसं नाही. कंपनीत मी स्टोअरला नट-बोल्ट देतो-घेतो ते पोटासाठी. माझी खरी ओळख माईकवर. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, त्रिशरण-पंचशील असो की मंगलाष्टकं, पाहुण्यांचं स्वागत करायला महेंद्र. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. लग्नात भात कच्चा राहिला तर माणसं विसरतात, पण माईकवर नाव राहिलं तर पुढच्या इलेक्शनपर्यंत विसरत नाहीत. त्यात नाव घ्यायचा क्रम असतो, पदव्या असतात, आजी-माजी असतात. माजीला नुसतं माजी म्हटलं तर राग येतो, न म्हटलं तर आजीला राग येतो. इतकी वर्षं मी या सुतावर चालतोय आणि एकदाही पडलो नव्हतो.

पडलो तो कोरेगाव भीमाला. लग्न भर उन्हात, मांडव गच्च. आमच्या गावचे सरपंच जयसिंगराव आधी आले, त्यांचं जंगी स्वागत माईकवरून झालं. मग विकास सोसायटीचे चेअरमन पोपटराव आले (हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे), सोफ्यावर बसले, आणि तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर चालू होईना. संपत म्हणून एक उगवता निवेदक आहे तिथला, तो कानाशी येऊन म्हणाला, "थांबा की जरा, लाईट येऊ द्या." (हा संपत एका दमात दोन नावं घेतो आणि मध्ये पाणी पितो.) पण जयसिंगरावांचं नाव माईकवर आणि पोपटराव बिननावाचे बसलेत, हे मी कसं चालू देणार? मी माईक खाली ठेवला, बँडवाल्यांच्या वर आवाज चढवला आणि ओरडलो, "विकास सोसायटीचे चेअरमन, आम्हा सर्वांचे मार्गदर्शक, माननीय श्रीमान पो..." आणि गेला. आवाज गेला, दाजी! पुढं नुसता वारा. पोपटराव नमस्कारासाठी हात जोडून अर्धे उठले होते, ते तसेच अर्धे राहिले. बसावं की उभं राहावं हे त्यांना कुणी सांगेना.

त्या दिवसापासून गावात दोन मतं. एक मत, की पोपटरावांचं नाव घशात अडकावं म्हणून जयसिंगरावांच्या लोकांनी मला मुद्दाम बर्फाचा उसाचा रस पाजला. दुसरं मत, की पोपटरावांचं नावच तसं. मला यातलं काही पटत नाही, पण पटत नाही हे सांगायला आवाज नको का?

आणि हे सगळं नेमकं आत्ताच. रविवार सोडून पुढच्या रविवारी कासुर्डीला आमच्या गौतमीचा साखरपुडा. स्थळ तुम्ही आणलेलं, हौशीरामभाऊ तुमचे रेल्वेतले जिवाभावाचे दोस्त, पोरगा नोकरीचा, सगळं कसं जुळून आलेलं. बघायचा कार्यक्रम काय झाला होता, वा! तुम्ही होतातच. त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि मी धडाधड उत्तरं दिली. शिक्षण काय, मी सांगितलं. आवड कशाची, मी सांगितलं. पोरगा पसंत आहे का, तेही मीच सांगितलं. एक प्रश्न खाली पडू दिला नाही. आणि आता दुनियेच्या पोरींचे साखरपुडे गाजवणारा मी, माझ्या पोरीच्या साखरपुड्यात तोंड मिटून बसणार आणि माईकवर संपत पाणी पिणार? या विचारानं माझी झोप उडाली.

शिरूरला डॉक्टरकडं गेलो. त्यानं जिभेवर पट्टी दाबली, बॅटरी मारली आणि म्हणाला, "सूज आहे. बोलू नका, वाफ घ्या." बस्स. दाजी, एवढ्यासाठी शिरूर गाठायचं? इंजेक्शन नाही, काही नाही. हे ऐकून आमच्या आळीचं समाधान होईना. जो तो म्हणायला लागला, आवं, डॉक्टरला काय कळतंय, घशाचं औषध घरातच असतं. आणि मग ते सगळ्यांच्या घरातून निघायला लागलं.

पहिल्या आल्या शेजारच्या मुक्ताबाई, अडुळशाचा काढा घेऊन. त्यात मिरं, सुंठ, ज्येष्ठमधाची काडी, चवीपुरता गूळ (चव मात्र कुठं लागली नाही). मुक्ताबाईंची पद्धत अशी, की वाटी हातात देऊन त्या कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहतात आणि तळ दिसेपर्यंत हलत नाहीत. एरवी त्यांच्या म्हशीलाही त्या असंच पाजतात. मी डोळ्यांनी विनवलं, तर म्हणाल्या, "डोळं काय फिरवताय? प्या गुमान. माझा सासरा ह्याच्यावर नव्वद वर्षं भजन म्हणत व्हता." तो सासरा मी ऐकलेला आहे. पण बोलायची बंदी होती.

मग पोपटरावांची पांढरी गाडी दारात. त्यांनी ज्येष्ठमध पाठवला, तोही चांगला पिशवीभर, आणि निरोप, की चेअरमनसाहेबांनी खास पुण्याहून मागवलाय, कुणी विचारलं तर सांगायचं. ही गोष्ट तासाभरात जयसिंगरावांच्या कानावर गेली. संध्याकाळी त्यांचा माणूस मधाची बरणी घेऊन हजर. निरोप असा, की नुसत्या ज्येष्ठमधानं घसा कोरडा पडतो, सरपंचांचा मध घ्यावा. आता मी कुणाचं घेऊ? ज्येष्ठमध चघळावा तर जयसिंगराव नाराज, मध चाटावा तर पोपटराव. शेवटी गौतमीच्या आईनं ज्येष्ठमध कुटला, मधात कालवला आणि म्हणाली, "घ्या, चाटा." गावात पंधरा वर्षांत जी युती झाली नाही ती माझ्या घशात झाली. दोघांनाही पाटीवर लिहून दाखवलं, 'आपल्याच औषधानं बरं वाटतंय.' (आवाज गेल्यापासून गळ्यात दोरीनं पाटी अडकवलीय. पहिलीतल्या पोरासारखा दिसतो.)

ही बातमी फुटली तशी रांगच लागली. कुणी तुळशीचा रस, कुणी लवंग भाजून, कुणी कंकोळ आणि खडीसाखर, कुणी विड्याचं पान तव्यावर गरम करून गळ्याला बांधायला. नाही कुणाला म्हणायचं? उद्या याच लोकांच्या लग्नात मला माईकवर उभं राहायचंय. शिवाय दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण विचारायला येतो, "फरक पडला का?" आणि मान हलवेपर्यंत जात नाही. मी सगळ्यांना मान हलवली. घसा होता तसाच, मान तेवढी दुखायला लागली, आणि मानेसाठी आणखी दोघांनी तेल आणलं.

आता अक्कलकारा. आमच्या आठवडे बाजारात गोकुळ म्हणून एक काष्ठौषधीवाला बसतो, पुढ्यात मुळ्या, साली, बिया पसरून. माझी पाटी वाचून तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "निवेदक ना? मग तुम्हाला अक्कलकाराच. जिभंखाली नखाएवढा तुकडा धरा, वाचा फुटंल." चांगली करंगळीएवढी मुळी त्यानं बांधून दिली, आठवडाभर पुरेल म्हणाला. दाजी, साखरपुडा जवळ आलेला, त्यात आपला स्वभाव असा, की नखाएवढ्यानं वाचा फुटत असेल तर करंगळीएवढ्यानं भाषण फुटेल. सगळी एकदम तोंडात टाकली आणि कडाकडा चावली.

आधी मुंग्या आल्या. मग जीभ कुठं आहे तेच कळेना. ओठ गेले, गाल गेले, आणि तोंडाला असं पाणी सुटलं, की विचारू नका. टॉवेल लावला, तो भिजला. आणि बरोब्बर त्याच वेळेला हौशीरामभाऊंचा व्हिडिओ कॉल! गौतमीच्या आईनं काही न बघता फोन सरळ माझ्या तोंडासमोर धरला. होणारे व्याही मला बघतायत आणि माझा खालचा ओठ लोंबतोय, लाळ हनुवटीवरून पाटीवर. "महेंद्रराव, अहो, काय झालं?" असं ते विचारतायत आणि मी जीव तोडून "अक्कलकारा, अक्कलकारा" असं सांगतोय, बाहेर पडतंय फक्त "आ, आ, आ." त्यांनी कॅमेऱ्यातच डोळे पुसले. म्हणाले, काळजी करू नका, साखरपुडा आम्ही साधेपणानं करून घेऊ. म्हणजे बघा, एका मुळीपायी मी जवळजवळ मेलोच त्यांच्या हिशेबी. पुढं त्यांनी तुम्हाला फोन केला आणि अक्कानं रडून दौंड डोक्यावर घेतलं, ते तुम्हाला माहीत आहे. तास-दीड तासात माझी जीभ परत आली. आवाज नाही आला.

त्यानंतर गौतमीनं सगळी औषधं उचलून माळ्यावर टाकली. म्हणाली, आता मी सांगीन तेवढंच. बांधावरच्या बाभळीची साल आणली, रात्री भिजत घातली, सकाळी उकळली, वरून चिमूटभर तुरटी. आपल्या आईच्या वेळचा उपाय, अक्काला आठवत असेल. साल भलती तुरट. तोंड असं आवळतं, की दात आत ओढल्यासारखे होतात. रोज कंपनीची बस यायच्या आधी ती मला मोरीपाशी उभं करते, तांब्या हातात देते आणि मागं थांबते. (ती सणसवाडीच्या कंपनीत लॅबला आहे, रंगाचे नमुने तपासते.)

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी असाच आभाळाकडं तोंड करून, तोंडात काढा धरून गुळगुळ करत होतो. मागून ती म्हणाली, "पप्पा, मला हे लग्न नाही करायचं."

थुंकायचा काढा मी गिळला.

ती पुढं सांगत राहिली, अगदी सावकाश. मुलगा वाईट नाही म्हणाली. हौशीरामकाकाही चांगले आहेत. पण नोकरी सोडायची ही त्यांची अट मी आनंदानं मान्य करून टाकली, तेव्हा ती तिथंच बसली होती, पोह्यांच्या ताटल्यांच्या मागं. "त्यांनी मला विचारलं, आवड कशाची? तुम्ही सांगितलं, स्वयंपाकाची. पप्पा, मला स्वयंपाक येतो. आवडत नाही." मी वळलो. एरवी मी काय केलं असतं सांगू? अर्धा तास बोललो असतो. स्थळ किती चांगलं, दाजींचा शब्द, पाहुण्यांत इज्जत, तुझ्या वयात आम्ही, सगळं. तोंड उघडलं, काहीच निघालं नाही. मग पाटीवर लिहिलं, 'मुलगा चांगला आहे.' तिनं वाचलं आणि पाटी फिरवून माझ्याच पुढं धरली. मी माझ्याच हातानं ते पुसलं आणि लिहिलं, 'आधी का नाही सांगितलंस?' तर म्हणते, "कधी सांगणार? तुम्ही थांबता कुठं?" खरं सांगतो दाजी, मी पाटी सोडली आणि तांब्यातला उरलेला काढा तोंडात घेतला.

असो. घशाचं सांगता सांगता कुठल्या कुठं गेलो. तुमचा गुडघा जपा, अक्काला म्हणावं शेंगदाण्याची चटणी संपली आहे. आईच्या फोटोला हार घालायचं ध्यानात आहे. सर्वांना पुन्हा जय भीम.

आपला,
महेंद्र (सध्या बिनआवाजी)

ता. क. – खरं तर एवढं पत्र या ता. क. साठीच लिहिलंय. वर लिहायला हात धजेना. दाजी, साखरपुडा मोडायचाय. शब्द तुम्ही टाकलाय, दोस्ती तुमची आहे, आणि हौशीरामभाऊंसमोर तुमची मान खाली जाईल हे मला कळतं. त्याची मला मनापासून लाज वाटते. तरी या रविवारी मी गौतमीला घेऊन दौंडला येतो आणि तिथून आपण तिघं कासुर्डीला जाऊ. तुम्ही काही बोलायचं नाही, मीही बोलणार नाही. ती बोलेल. तुमचं काम एवढंच, की तिला प्रश्न विचारला तर उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नाही. अक्कानं तर मुळीच नाही. तिला घरीच ठेवा.

ता. क. दुसरा – मी बोलणार नाही म्हटलं, ते बोलता येत नाही म्हणून नव्हे. आवाज मंगळवारीच आला. कुणाच्या औषधानं ते विचारू नका. एकाचं नाव घेतलं तर गावात फूट पडेल, आणि 'नुसतं गप्प बसल्यानं आला' असं सांगितलं तर आख्खं गाव एक होऊन माझ्यावर येईल. पण घरात कुणालाच सांगितलेलं नाही. कारण गौतमी अजून रोज सकाळी साल उकळते आणि मागं थांबून बोलते. परवा सांगत होती, तिनं रंगाचा एक लॉट नापास केला, मोठ्या साहेबानं दाबून बघितलं, ही हलली नाही. मी इतकी वर्षं स्टोअरला आहे, साहेबाला एकदाही 'नाही' म्हणालो नाही. काल कळलं, तिला दुधी भोपळा आवडत नाही. मी सगळ्यांना सांगत आलोय, की आमच्या पोरीला दुधी फार आवडतो! अजून काय काय निघतंय कोण जाणे. तेव्हा रविवारी आमच्यासमोर माझ्या आवाजाचा विषय काढू नका. मी बोलायला लागलो, की ती थांबेल.

ता. क. तिसरा – चिकटवलेलं पाकीट गौतमीकडून परत घेऊन, फोडून लिहितोय. ती म्हणाली सकाळी बसस्टॉपजवळच्या पेटीत मी टाकते, म्हणून पाकीट तिच्या हातात दिलं. ते पर्समध्ये ठेवत ती म्हणाली, "पप्पा, तुमचा आवाज आलाय ते मला माहितीय. मंगळवारपासून झोपेत लोकांची स्वागतं करताय." मी पाटीकडं हात नेला, तर तो हात धरून म्हणाली, "राहू द्या. काहीच बोलू नका. उद्याची साल मी भिजत घातलीय."